बीपीची गोळी आणि वाढतं वजन

(आमच्या आरोग्य शिबिरात एका निवृत्त परिचारिका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी चर्चेतले काही प्रश्न दिले आहेत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातली एक जण माझ्याजवळ आली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "ताई, बीपीची गोळी सुरू झाल्यापासून मी नुसती फुगत चाललेय. गोळीनं खरंच होतं का हो असं, की माझंच काही चुकतंय?"

मी आज आहार, मीठ, व्यायाम यांवर बोलायची तयारी करून आले होते. पण या प्रश्नाचाच विषय करावा असं ठरवलं. त्यातलं "माझंच काही चुकतंय" हे शेवटचं वाक्य मी तीस वर्षं ओपीडीत ऐकलं आहे. दुखणं कुठलंही असो, बाई आधी स्वतःला गुन्हेगार ठरवते आणि मग दवाखान्यात येते. तिथे कोणी तिला "किती खाता?" असं विचारलं, की तिचा गुन्हा पक्का होतो.

तर आधी उत्तर देते. हो, बीपीच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. काहींनी पाय सुजतात, पण चरबी वाढत नाही. बऱ्याच गोळ्यांनी यातलं काहीच होत नाही. आपली गोळी कुठली हे कळल्याशिवाय गोळीला दोष देता येत नाही आणि स्वतःलाही देता येत नाही. ते कळेपर्यंत गोळी मात्र बंद करायची नाही. असं का म्हणते, ते पुढे सांगते.

आधी माझी गोष्ट. चव्वेचाळीसाव्या वर्षी मला बीपी निघालं. ॲटेनोलॉल सुरू झाली. त्या काळी ती सर्रास देत, स्वस्तही होती. वर्षभरात माझं वजन चार किलोंनी वाढलं. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणी उसवून झाल्या, आणखी उसवायला कापड उरलं नाही. जिना चढताना पाय शिशाचे वाटायचे. मी आमच्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "सिस्टर, वय झालं आता. भात कमी करा." मी भात कमी केला. त्याहून वाईट म्हणजे, माझ्यासमोर येणाऱ्या बायकांना मीही तेच सांगत राहिले. हे कबूल केल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

पुष्कळ वर्षांनी, एका प्रशिक्षणात, मला कळलं की हे डॉक्टरी पुस्तकांतच लिहिलेलं आहे. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल ही सगळी बीटा ब्लॉकर या एकाच घराण्यातली औषधं. आपण घाबरलो, धावलो, थंडीत गेलो की शरीरात ॲड्रिनॅलिन सुटतं. ते हृदयाला म्हणतं जोरात चाल, चरबीच्या पेशींना म्हणतं साठवलेलं बाहेर काढ, शरीराला म्हणतं ऊब तयार कर. बीटा ब्लॉकर हा निरोपच अडवतात. हृदय शांत चालतं, बीपी उतरतं, हा फायदा. पण त्याबरोबर चरबी मोकळी होण्याचं काम मंदावतं आणि जेवणानंतर शरीर जी ऊब तयार करतं तीही थोडी कमी होते. शिवाय थकवा येतो, म्हणून हालचाल घटते. जेवण तेवढंच, खर्च कमी. उरलेलं कुठे जाणार?

किती वाढतं? २००१ साली अशा चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सहा महिने किंवा जास्त काळ चाललेल्या चाचण्यांत, बीटा ब्लॉकर न घेणाऱ्यांच्या तुलनेत घेणाऱ्यांचं वजन साधारण सव्वा किलो जास्त भरलं. कुणाचं काहीच वाढलं नाही, कुणाचं तीन-साडेतीन किलोंनी वाढलं. ही वाढ मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होते, मग थांबते. ब्रिटनमध्ये मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. नऊ वर्षांत ॲटेनोलॉल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.४ किलो वाढलं, कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांचं १.६ किलो. दोन्ही औषधांनी बीपी आणि त्याचे धोके सारखेच आवरले, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे औषध काम करत होतं, आणि वजनही वाढवत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता कोणी म्हणेल, दोन-तीन किलोंचं काय एवढं? पण वजन वाढलं की बीपीही वर सरकतं. साधारण हिशेब असा, की एक किलो वजन उतरलं तर बीपी सुमारे एका आकड्याने उतरतं. वाढलं की उलट. शिवाय जुन्या बीटा ब्लॉकरने, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर घेतले तर, मधुमेहाकडे झुकलेल्या माणसाची साखर वाढू शकते. ज्या बाईच्या घरात आई, मावशी, भाऊ सगळ्यांना साखर आहे, तिच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब नाही.

म्हणूनच आता, निव्वळ बीपी असेल आणि हृदयाचं दुखणं नसेल तर, सुरुवातीला बीटा ब्लॉकर सहसा देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या सूचनांत सुरुवातीसाठी तीन घराणी सांगितली आहेत, त्यांत हे घराणं नाही. पण नीट ऐका. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला, छातीत कळ येते, हृदय अशक्त झालं आहे किंवा ठोके अनियमित पडतात, त्यांच्यासाठी ही औषधं जीव वाचवणारी आहेत. तिथे दोन किलोंचा हिशेब करायचा नाही. आणि याच घराण्यातली सगळी औषधं सारखी नाहीत. २००४ साली आलेल्या एका चाचणीत पाच महिन्यांत मेटोप्रोलॉलवर वजन सव्वा किलोच्या आसपास वाढलं, कार्वेडिलॉलवर जवळजवळ वाढलंच नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते. ती सांगायची परवानगी मी घेऊन आले आहे.

आमच्या वस्तीत पाच घरची धुणीभांडी करणारी एक बाई. वय पन्नास-बावन्न. बीपी बरंच वर होतं. ॲम्लोडिपिन सुरू झाली आणि बीपी छान उतरलं. दोन महिन्यांनी तिचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, जोडव्याचं बोट निळं पडायचं. शेजारणी म्हणाल्या, "गोळीनं अंग धरतंय तुझं." कामावरची बाई म्हणाली, "जाड झालीस गं." ती ओपीडीत गेली. तिथे गर्दी होती, दोन मिनिटांत केसपेपरवर तीच गोळी पुन्हा लिहून मिळाली. तिने ती घेतली नाही. गोळी सोडल्यावर पंधरा दिवसांत सूज उतरली. तिला वाटलं, बरं झालं, पीडा गेली. बीपीला दुखत नाही, खुपत नाही, म्हणून बीपी परत चढलंय हे तिला कळायचं काही कारणच नव्हतं. चार महिन्यांनी पहाटे नळावर ती कोसळली. उजवी बाजू गेली. आता ती लेकीकडे असते. बोलणं थोडं आलंय, हात आलेला नाही.

मैत्रिणींनो, ती सूज म्हणजे चरबी नव्हती. ॲम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करते, त्या मानाने परतीच्या वाटेच्या शिरा सैल होत नाहीत. रक्त येतं जोरात आणि निघायची वाट तेवढीच. मग पाणी झिरपून घोट्यांशी साठतं. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला जास्त, संध्याकाळी जास्त, उन्हाळ्यात जास्त. पाच मिलिग्रॅमपेक्षा दहावर जास्त. आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, हेही माहीत असलेलं सत्य आहे. त्यावर उपाय आहे. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी जोडीला दिली की शिराही सैल होतात आणि सूज बरीच कमी होते. हे तिला एका वाक्यात सांगायला किती वेळ लागला असता? "बाई, याने पाय सुजू शकतात, सुजले तर गोळी सोडू नका, माझ्याकडे या." बस. एवढंच वाक्य तिला कोणी सांगितलं नाही. त्या ओपीडीत गोळ्यांच्या खिडकीशी त्या दिवशी मीच होते.

(थोडा वेळ शांतता.)

तर मग गोळी ओळखायची कशी? डॉक्टर होण्याची गरज नाही. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं, औषधाचं खरं नाव त्याखाली बारीक असतं. ते वाचा, नाही तर लेकीला वाचायला सांगा, आणि नावाची शेपटी बघा.

शेवटी "लॉल" असेल – ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल – तर बीटा ब्लॉकर. थकवा आणि थोडं वजन यांची शक्यता.

शेवटी "डिपिन" असेल – ॲम्लोडिपिन, निफेडिपिन – तर पायांना सूज. चरबी नाही.

शेवटी "सार्टन" किंवा "प्रिल" असेल – टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल – तर वजन सहसा वाढत नाही. "प्रिल"ने काहींना कोरडा खोकला लागतो, आणि तोही बायकांना जास्त. खोकल्याच्या बाटल्या पीत बसण्यापेक्षा गोळीकडे बघा.

लघवी वाढवणारी गोळी – क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड – सुरू झाली की पहिल्या आठवड्यात एखादं किलो उतरतं. खूश होऊ नका, ते पाणी असतं. वय झालेल्या, बारीक अंगाच्या बायकांमध्ये या गोळीने रक्तातलं सोडियम फार उतरू शकतं. आजी अचानक गोंधळल्यासारखी वागायला लागली, तोल जाऊ लागला, तर "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासा.

आणि "झोसिन" शेपटीची, म्हणजे प्राझोसिनसारखी गोळी. तिने काही बायकांना खोकताना, हसताना लघवी होऊ लागते. लाजेने कोणी बोलत नाही. बाई देवळात जायचं सोडते, लग्नकार्याला जायचं सोडते, आणि कारण एका गोळीचं असतं.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं आपल्याला इतक्या उशिरा का कळतं? त्याचं एक उत्तर इतिहासात आहे. बीपीवर औषध द्यावं की नाही हे ठरवणारी पहिली महत्त्वाची चाचणी अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली, तिचे निष्कर्ष १९६७ साली आले. त्यात १४३ माणसं होती, सगळे पुरुष. १९७७ साली तिथल्या औषध खात्याने मूल होण्याच्या वयाच्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. १९८२ साली हृदयरोग टाळण्याविषयीचा एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ तेरा हजार माणसं, आणि पुन्हा एकही बाई नाही. बायकांना वगळण्याचा तो नियम १९९३ साली मागे घेतला गेला, तोही तिथल्या स्त्रियांनी आवाज उठवल्यावर. म्हणजे औषध पुरुषांच्या शरीरावर पारखायचं आणि गिळायचं मात्र आपण. मग आपल्या पायाची सूज आणि आपला खोकला ही "तक्रार" ठरते, माहिती ठरत नाही.

आणि हा प्रश्न थोड्या जणींचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये २१.३ टक्के जणींचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्या त्यासाठी गोळी घेत होत्या. पाचातली एक. या खोलीत मोजून बघा.

आणखी एक गोष्ट, ती फार कमी ठिकाणी बोलली जाते. दंडाला बांधायचा तो पट्टा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं जास्त दाखवतं. अमेरिकेत २०२३ साली हे नीट मोजून पाहिलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा लावला तर वरचा आकडा सुमारे पाचने जास्त आला, आणि सगळ्यात मोठा पट्टा लागणाऱ्यांना तोच लावला तर जवळपास वीसने. म्हणजे वजन वाढलं, दंड जाड झाला, आकडा खोटा वाढला, गोळी वाढली. आपल्या दवाखान्यांत बहुधा एकच पट्टा असतो. सिस्टरला सांगायचं, "मोठा पट्टा आहे का?" सिस्टर चिडेल. मी चिडले असते. तरी विचारा.

आता जरा दुसरी बाजूही बघू. वजन वाढलं की सगळं खापर गोळीवर फोडायचं का? नाही. एखादीचं वजन दोन वर्षांत पंधरा किलो वाढलं असेल, तर ते एकट्या बीपीच्या गोळीचं काम नाही. पाळी जाण्याच्या काळात चरबी पोटाकडे सरकते. थायरॉइड मंदावतं, त्यानेही वजन आणि बीपी दोन्ही वाढतात. साखरेच्या काही गोळ्या, इन्शुलिन, मानसिक आजाराची काही औषधं, गर्भनिरोधक इंजेक्शन, यांनी वजन वाढू शकतं. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, त्याने चेहरा गोल होतो, वजन वाढतं आणि बीपीही चढतं. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून न्या. जी पुडी दाखवायची लाज वाटते ती आधी काढा.

आणि मग ते चालणं. "रोज अर्धा तास चाला" हे सांगणं सोपं. पहाटे पाण्याची रांग, मग डबे, मग काम, संध्याकाळी पुन्हा चूल. रात्री चालायला रस्त्यावर दिवे नाहीत. ज्या बाईला दिवसभर बसायची सवड नाही तिला "तुम्ही हालचाल करत नाही" म्हणायचं, याला काय म्हणावं? आमच्या वस्तीत आठ-दहा जणी मिळून रात्री जेवणानंतर एकत्र चालायला लागल्या. एकटीला बाहेर पाठवत नव्हते, दहा जणींना कोण अडवणार? मिठाचंही तसंच. एकटीसाठी वेगळी भाजी होत नाही. घरादाराचं मीठ कमी झालं तर तिचं होतं. माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, पुरतं. आणि ते तिच्या नवऱ्यालाही पुरतं.

एक इशारा देऊन आवरतं घेते. वाढलेल्या वजनाला घाबरून बारीक करणाऱ्या गोळ्या, पावडरी यांच्या नादी लागू नका. सिब्युट्रामिन नावाची बारीक व्हायची गोळी जगभर खपली. तिने बीपी वाढतं, हृदयाला धोका होतो, हे पुढे आलं. २०१० साली युरोप-अमेरिकेत ती मागे घेतली गेली आणि २०११ साली आपल्याकडे तिच्यावर बंदी आली. एक बाजार तुम्हाला जाड म्हणून हिणवतो आणि तोच बाजार तुम्हाला बारीक व्हायची गोळी विकतो. आपल्याला बारीक दिसायचं नाही. आपल्याला धडधाकट जगायचं आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका, आणि दुसऱ्या कोणाला करूही देऊ नका.

मग करायचं काय? गोळी सुरू झाली त्या दिवशी वजन करा आणि तारखेसह वहीत लिहा. मग महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. पायावर बोट दाबून खळगा पडतो का बघा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: ही गोळी कुठल्या घराण्यातली? हिने काय होऊ शकतं? तसं झालं तर दुसरी कुठली देता येईल? एकटीला विचारायचं धाडस होत नसेल तर मैत्रिणीला बरोबर न्या. २०१७ सालापासून महाराष्ट्रासह काही राज्यांत बीपीसाठी सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यात ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधं सरकारी केंद्रांतून मोफत द्यायची आहेत. म्हणजे दुसरी गोळी मागणं ही चैन नाही. ती तिथे असायलाच हवी, नसेल तर आपण गटाने जाऊन विचारायला हवं.

माझं म्हणाल तर, माझी ॲटेनोलॉल डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बदलली. वजन दीड किलो उतरलं, बाकीचं राहिलं. ते वयाचं असेल, भाताचंही असेल. पण पायांतलं शिसं गेलं. मुख्य म्हणजे, मी स्वतःला दोष देणं सोडलं.

चर्चेतले काही प्रश्न

प्रश्न: माझी गोळी "लॉल"चीच आहे. उद्यापासून बंद करू का?

उत्तर: अजिबात नाही. हे घराणं एकदम थांबवलं तर हृदय उसळतं. छातीत कळ येऊ शकते, हार्ट अटॅकही येऊ शकतो. बदल करायचाच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू उतरवत. आणि तुम्हाला ती हृदयासाठी दिली आहे की नुसत्या बीपीसाठी, हे आधी विचारा.

प्रश्न: सूज आली की दर वेळी गोळीमुळेच का?

उत्तर: नाही. सुजेबरोबर धाप लागत असेल, रात्री आडवं पडवत नसेल, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं असेल तर हृदय किंवा मूत्रपिंड तपासायला हवं. एकच पाय सुजून दुखत असेल तर शिरेत गाठ असू शकते. यांत उद्यावर ढकलायचं नाही. आणि गरोदर बाईला चेहऱ्यावर सूज आणि डोकेदुखी असेल तर त्याच तासाला दवाखाना.

प्रश्न: माझ्या सुनेला तिशीतच बीपी आहे. तिने कुठली गोळी घ्यावी?

उत्तर: ते तिचे डॉक्टर ठरवतील. पण तिला मूल हवं असेल, किंवा दिवस जाण्याची शक्यता असेल, तर ते आधी सांगा. "प्रिल" आणि "सार्टन" या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला इजा होते, त्या गरोदरपणात चालत नाहीत. बीपी असताना गर्भनिरोधक गोळ्याही विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, त्यांतल्या काहींनी बीपी वाढतं. आणि हे सगळं तुम्ही नाही, तिने स्वतः विचारलं तर जास्त बरं. तुम्ही फक्त तिच्याबरोबर जा.